फेलिचे बेआतो

फेलिचे बेआतो (जन्म : १८३२, व्हेनिस, मृत्यू : २९ जानेवारी १९०९, फ्लोरेन्स) हा एकोणिसाव्या शतकातील आद्य युद्धछायाचित्रकारांपैकी एक होय. इंग्रजी वळणाने त्याचे नाव फेलिस बीटो असेही लिहिले जाते. तो जन्माने इटालियन असून ब्रिटिश प्रजाजन म्हणून वावरला. क्रिमियाचे युद्ध, १८५७चा उठाव, दुसरे अफूयुद्ध, जपानमधील शिमोनोसेकीची मोहीम, कोरियावरील अमेरिकी स्वारी आणि सुदानमधील ब्रिटिश मोहीम इतक्या युद्धप्रसंगांशी त्याच्या कॅमेऱ्याचा संबंध आला. जपानी जीवनाची हाताने रंगवलेली त्याची चित्रेही तितकीच प्रसिद्ध आहेत.

भारतीय वाचक त्याला बहुधा एकाच छायाचित्रामुळे ओळखतो. लखनौच्या सिकंदर बागेतील भग्न इमारतीपुढे विखुरलेल्या मानवी अस्थींचे ते चित्र १८५७च्या इतिहासावरील असंख्य पुस्तकांत लढाईचा पुरावा म्हणून छापले गेले आहे. ते छायाचित्र खरे आहे, अस्थीही खऱ्या आहेत; मात्र चित्राखालच्या मथळ्यावरून वाचकाचा जो समज होतो, तो खरा नाही. त्यामुळे बेआतोचे चरित्र सांगताना त्याच्या चित्रांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न टाळता येत नाही. आज त्याच्या नावाने मूळ प्रती, नकला आणि निव्वळ बनावट चित्रे अशी तिन्ही एकाच बाजारात विकली जात असल्याने तो प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही.

पूर्वायुष्य

बेआतोच्या जन्माविषयी आणि मृत्यूविषयी दीर्घकाळ गोंधळ होता. त्याचा मृत्यू ब्रह्मदेशात १९०५ किंवा १९०६च्या सुमारास झाला असे मानले जाई. २००९ साली त्याच्या मृत्यूचा दाखला सापडला आणि जन्मस्थळ व्हेनिस, मृत्युस्थळ फ्लोरेन्स हे निश्चित झाले. त्याचे बालपण कॉर्फू बेटावर आणि पुढे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथे गेले. कॉर्फू त्या काळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते.

दुसरा गोंधळ याहून मजेदार आहे. काही छायाचित्रांवर फेलिचे अंतोनियो बेआतो अशी सही आढळते. त्यावरून एकच माणूस एकाच वेळी इजिप्तमध्ये आणि जपानमध्ये छायाचित्रे घेत होता, असा निष्कर्ष निघू लागला. फेलिचे आणि अंतोनियो हे दोन भाऊ होते, हे १९८३मध्ये शांताल एदेल यांनी दाखवून दिले. अंतोनियो पुढे इजिप्तमध्ये लक्सर येथे स्थायिक झाला. विक्रीच्या यादीत आजही या दोघांची चित्रे एकमेकांच्या नावावर जातात.

कॉन्स्टँटिनोपल येथील शाही टांकसाळीत मुख्य कोरक असलेला जेम्स रॉबर्टसन हा बेआतोचा गुरू व भागीदार. रॉबर्टसनने १८५५मध्ये बेआतोच्या बहिणीशी विवाह केला. त्याच वर्षी रॉबर्टसन आणि बेआतो क्रिमियात पोहोचले. तेथील युद्धाचे चित्रण आधी रॉजर फेंटन करीत होता. तो इंग्लंडला परतल्यावर या दोघांनी ते काम पुढे चालवले आणि सप्टेंबर १८५५मध्ये पडलेल्या सेव्हास्तोपोलच्या तटबंदीची चित्रे घेतली. फेंटनच्या चित्रांत मृतदेह नाहीत, नीटनेटके तंबू आणि अधिकारी आहेत. रॉबर्टसन व बेआतो यांच्या चित्रांत उद्ध्वस्त मोर्चे दिसतात.

फेंटनच्या एका प्रसिद्ध चित्राचा उल्लेख येथे आवश्यक आहे. तोफगोळे पडलेल्या ओसाड खिंडीच्या या चित्राच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत रस्ता मोकळा आहे, दुसरीत रस्त्यावरही गोळे पसरलेले आहेत. यांतील आधीची कोणती, यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकी चित्रपटकार एरॉल मॉरिस यांनी २००७मध्ये दोन्ही चित्रांतील उतारावरचे लहान दगड ताडून पाहिले. रस्त्यावर गोळे असलेल्या चित्रात काही दगड थोडे खाली घसरलेले दिसतात. त्यावरून मोकळ्या रस्त्याचे चित्र आधीचे ठरले. म्हणजे रस्त्यावरचे गोळे बहुधा कोणीतरी नंतर आणून ठेवले. हेतूंविषयी तर्क लढवण्यापेक्षा दगड मोजणे अधिक फलदायी ठरले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय.

भारतातील काम

बेआतो फेब्रुवारी १८५८मध्ये कलकत्त्यास उतरला. दिल्ली आधीच्या सप्टेंबरात ब्रिटिशांच्या हाती पडली होती, कानपूरही गेले होते. लखनौ मात्र अजून उठावकऱ्यांच्या ताब्यात होते. मार्च १८५८मध्ये सर कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याने ते घेतले आणि पाठोपाठ बेआतोने शहराचे चित्रण सुरू केले. कैसरबाग, मोठा इमामबाडा, रेसिडेन्सीचे भग्नावशेष, गोमतीतील माशाच्या आकाराची नवाबी नौका आणि तिच्यामागे छत्तर मंझिल, अशी त्याची लखनौची चित्रे आहेत. उंच इमारतींच्या गच्चीवर कॅमेरा ठेवून ओळीने अनेक काचपट्ट्या घ्यायच्या आणि त्यांच्या प्रती शेजारी शेजारी चिकटवून विस्तीर्ण देखावा तयार करायचा, ही पद्धत त्याने येथे यशस्वीपणे वापरली. त्यानंतर तो कानपूर, दिल्ली, मेरठ, आग्रा, बनारस, अमृतसर, लाहोर, सिमला येथे फिरला. जुलै १८५८मध्ये भाऊ अंतोनियो त्याला येऊन मिळाला.

या चित्रांचे ग्राहक बहुतांशी ब्रिटिश अधिकारी होते. आपण जेथे लढलो त्या जागा त्यांना अल्बममध्ये हव्या होत्या. कानपूरचा घाट, दिल्लीचा काश्मिरी दरवाजा, लखनौची रेसिडेन्सी ही स्थळे त्यांच्या शोककथेची आणि विजयकथेची होती, आणि बेआतोची निवड त्या मागणीनुसारच झाली. फाशी दिलेल्या दोन शिपायांचे छायाचित्रही याच काळातील. उठावकऱ्यांची बाजू या संग्रहात केवळ मृतांच्या रूपाने येते, हे विसरता कामा नये. मराठी वाचकाला गोडसे भटजींच्या माझा प्रवास या ग्रंथातून (प्रकाशन १९०७) त्याच काळाचे जे जिवंत, भयभीत, उपाशी, पळणारे लोक भेटतात, ते बेआतोच्या काचेवर कोठेही उमटलेले नाहीत.

सिकंदर बागेचे छायाचित्र

सिकंदर बाग ही नवाब वाजिद अली शाहने बांधलेली, उंच भिंतींनी वेढलेली बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौमध्ये अडकलेल्या ब्रिटिशांच्या सुटकेसाठी कॅम्पबेलचे सैन्य येथून पुढे सरकले. भिंतीला खिंडार पाडून ९३वी हायलँडर पलटण आणि चौथी पंजाब पलटण आत शिरली. आतील शिपायांना बाहेर पडण्यास वाट नव्हती. मृतांचा आकडा समकालीन ब्रिटिश लेखनात सुमारे २००० असा येतो. ९३व्या पलटणीतील विल्यम फोर्ब्स-मिचेल याने १८९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पिंपळाच्या झाडावरून नेम धरणाऱ्या एका योद्ध्याची हकीगत आहे. गोळी लागून तो खाली पडल्यावर ती स्त्री असल्याचे उघड झाले. लोकपरंपरेत ही स्त्री उदादेवी म्हणून ओळखली जाते आणि तिचा पुतळा आज तेथे उभा आहे.

लढाईनंतर ब्रिटिशांनी आपले मृत पुरले. उठावकऱ्यांची प्रेते तशीच राहिली. कॅम्पबेल वेढ्यातील लोकांना घेऊन परत फिरला आणि मार्चपर्यंत लखनौचा बहुतांश भाग उठावकऱ्यांकडेच होता. म्हणजे बेआतोचा कॅमेरा सिकंदर बागेत पोहोचला तो लढाईनंतर चार महिने उलटल्यावर.

चित्राच्या मध्यभागी खांबांची पडकी इमारत आहे. तिच्यापुढे काही हिंदी माणसे व एक घोडा आहे. अगदी पुढच्या अंगाला, पाहणाऱ्याच्या पायाशी यावे इतक्या जवळ, कवट्या आणि हाडे पसरलेली आहेत. इंग्रजी मथळ्यात ९३वी हायलँडर व पंजाब पलटणीने केलेल्या २००० बंडखोरांच्या कत्तलीनंतरचा बागेचा अंतर्भाग, असा आशय असून नोव्हेंबर १८५७चा उल्लेख आहे. मथळा शब्दशः खोटा नाही; चार महिन्यांनंतर हेही नंतरच. पण वाचणारा लढाईच्या दुसऱ्या दिवशीचे चित्र समजून ते पाहतो. या मथळ्यातील खोट ओळखण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. लढाईच्या दुसऱ्या दिवशी प्रेते असतात. चित्रात सुटी हाडे आहेत. चित्र स्वतःच आपल्या मथळ्याला विरोध करीत आहे.

हाडे चित्रात दिसतात तशीच तेथे पडलेली होती काय, हा पुढचा प्रश्न. त्या काळी अवधमध्ये अधिकारी असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी आपल्या आठवणींत लिहिल्याप्रमाणे, अवशेष तोपर्यंत झाकून टाकण्यात आले होते आणि कायमची विल्हेवाट लावण्यापूर्वी छायाचित्रासाठी ते पुन्हा उघडे करण्याचा आग्रह छायाचित्रकाराने धरला. या साक्षीवरून बहुतेक अभ्यासक हे चित्र मांडणी केलेले मानतात. हाडे किती हलवली, केवळ माती दूर केली की पुढच्या अंगाला आणून पसरली, याविषयी त्यांच्यात एकमत नाही. मांडणी नैसर्गिक नाही एवढे मात्र चित्रावरूनही जाणवते. इमारतीजवळच्या भागाच्या मानाने कॅमेऱ्याच्या पुढ्यातच हाडांची दाटी अधिक आहे.

येथे बनावट हा शब्द सैलपणे वापरणे अन्यायाचे होईल, आणि तो न वापरणेही पुरेसे होणार नाही. या हाडांची माणसे होती. त्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. मृत्यूनंतर चार महिन्यांनी त्यांना पुन्हा वर काढले गेले ते अंत्यसंस्कारासाठी नव्हे, चित्रासाठी. ज्या पुस्तकात हे छायाचित्र केवळ १८५७ची लढाई एवढ्या मथळ्याने छापले जाते, त्या पुस्तकातून हा दुसरा प्रसंग पूर्णपणे गळून पडतो. वस्तुतः छायाचित्र ज्याचा निर्विवाद पुरावा आहे, तो हा दुसराच प्रसंग होय.

चीन

१८६०मध्ये बेआतो ब्रिटिश व फ्रेंच सैन्याबरोबर चीनला गेला. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजचा चित्रकार चार्ल्स विर्गमन हा तेथे त्याचा सोबती होता. २१ ऑगस्ट १८६० रोजी ताकूचा उत्तरेकडील किल्ला पडला आणि बेआतो लगोलग आत गेला. सैन्यातील डॉक्टर डेव्हिड रेनी याने लिहून ठेवले आहे की, तटावरील मृत चिनी सैनिकांचा समूह पाहून बेआतो उत्तेजित झाला, त्या समूहाच्या सौंदर्याची तारीफ करू लागला आणि आपले चित्र होईपर्यंत कोणी तो हलवू नये अशी विनंती करीत फिरला. लखनौमध्ये जे चार महिने उशिरा करावे लागले, ते येथे ताजेपणी साधले.

या चित्रांचा अभ्यास डेव्हिड हॅरिस यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केला. अल्बममध्ये चित्रांचा क्रम असा आहे : सैन्याची वाटचाल, तोफांनी फोडलेला तट, मग आतील विध्वंस आणि शेवटी मृतदेह. पाहणारा जणू सैनिकांबरोबर किल्ल्यात शिरतो. प्रत्यक्षात मृतदेह उचलले जाण्यापूर्वी त्यांची चित्रे घेणे भाग असल्याने ती सर्वांत आधी घेतली गेली आणि बाहेरची दृश्ये नंतर सावकाश. एकही चित्र खोटे नाही. क्रम रचलेला आहे. छायाचित्रांच्या मालिका पाहताना हा प्रकार बहुधा लक्षातच येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पेकिंगजवळचे उन्हाळी राजवाडे लॉर्ड एल्गिनच्या आज्ञेने जाळण्यात आले. तेथील बेआतोची चित्रे त्या वास्तूंच्या अभ्यासाला आजही उपयोगी पडतात.

१८६१मध्ये बेआतो इंग्लंडला गेला आणि भारत व चीनमधील सुमारे ४०० छायाचित्रे त्याने लंडनचा छायाचित्रकार हेन्री हेरिंग यास विकली. हेरिंगने त्यांच्या नकला करून विक्री केली. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या व्यवहारात आहे.

जपान आणि कोरिया

१८६३पासून सुमारे एकवीस वर्षे बेआतो योकोहामा येथे राहिला. आरंभी विर्गमनबरोबर त्याची भागीदारी होती. १८६४मध्ये शिमोनोसेकीच्या खाडीत पाश्चात्त्य आरमारांनी केलेल्या हल्ल्याचे चित्रण त्याने केले. १८६६च्या आगीत त्याचा स्टुडिओ आणि निगेटिव्ह भस्मसात झाल्या. त्याने पुन्हा उभारणी केली आणि १८६८मध्ये जपानची दृश्ये व व्यक्तिचित्रे यांचे दोन खंड काढले. जपानी रंगाऱ्यांकडून हाताने रंगवून घेतलेल्या या प्रतींनी एक नवा धंदाच निर्माण केला. पुढे नावारूपाला आलेला कुसाकाबे किंबेई याच्याच हाताखाली तयार झाला.

चिलखत घातलेल्या, तलवार उपसलेल्या सामुराईंची चित्रे याच धंद्यातील. काहींत खरे योद्धे आहेत. सात्सुमा घराण्याच्या सरदारांची बेआतोने घेतलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. परंतु प्रवाशांसाठी काढलेल्या स्टुडिओतील पुष्कळ चित्रांत मोबदला देऊन उभे केलेले लोक होते, आणि पोशाख व शस्त्रे स्टुडिओच्याच मालकीची होती. १८७६मध्ये जपानी सरकारने सर्वसाधारण लोकांना तलवार बाळगून हिंडण्यास मनाई केली. त्यानंतरच्या स्टुडिओतील सामुराई हा बहुधा वेषधारीच समजावा. एकच चिलखत निरनिराळ्या माणसांच्या अंगावर दिसू लागले की शंकेला जागा उरत नाही.

जून १८७१मध्ये तो अमेरिकी आरमाराबरोबर कोरियाला गेला. गांघ्वा बेटावरील किल्ल्यात दोनशेहून अधिक कोरियन सैनिक मारले गेले. कोरियन सेनापतीचे हस्तगत केलेले प्रचंड निशाण अमेरिकी जहाजावर टांगलेले आहे आणि त्यापुढे सैनिक उभे आहेत, असे बेआतोचे एक चित्र आहे. हे निशाण पुढे अमेरिकेच्या नाविक अकादमीत राहिले आणि २००७मध्ये उसनवारीने कोरियाला परत गेले. युद्धातील वस्तूचा इतका अखंड माग क्वचितच सापडतो. बाजारातील वस्तूंच्या बाबतीत नेमकी हीच साखळी तुटलेली असते.

१८७३मध्ये बेआतोची जपानमधील ग्रीसचा वाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली. १८७७मध्ये त्याने आपला बहुतेक साठा स्टिलफ्रीड आणि अँडरसन यांच्या पेढीला विकला. तोच साठा पुढे १८८५मध्ये अडोल्फो फारसारीकडे गेला. जमिनी, हॉटेल, आयात अशा नाना उद्योगांत गुंतलेला बेआतो अखेरीस योकोहामाच्या सट्टाबाजारात सर्वस्व घालवून बसला आणि नोव्हेंबर १८८४मध्ये त्याने जपान सोडले.

सुदान व ब्रह्मदेश

खार्टुममध्ये अडकलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या वुल्झलीच्या मोहिमेत तो काही काळ होता. मंडाले ब्रिटिशांनी घेतल्यानंतर, १८८६च्या अखेरीस तो ब्रह्मदेशात आला. त्याच वर्षाच्या आरंभी मंडालेत कर्नल हूपर या हौशी छायाचित्रकार अधिकाऱ्यावर गंभीर आरोप झाला होता. बंदुकीच्या गोळ्यांनी देहान्त शिक्षा देताना त्या क्षणाचे चित्र मिळावे म्हणून त्याने कैद्यांना ताटकळत ठेवले, असे म्हटले गेले. चौकशी झाली आणि त्याला ठपका मिळाला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सिकंदर बागेविषयी अशी कोणतीही चौकशी झाली नव्हती.

मंडालेत बेआतोने छायाचित्रांबरोबर कलावस्तूंचे दुकान थाटले. लाकडी कोरीवकाम, चांदीची भांडी, रेशीम यांची निर्मिती तेथे कारागिरांकडून करून घेतली जाई आणि टपालाने परदेशी ग्राहकांना माल जाई. १९०७मध्ये त्याची कंपनी विसर्जित झाली. आयुष्याचा अखेरचा काळ त्याने इटलीत काढला.

बाजारातील प्रती व त्यांची ओळख

बेआतोच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चित्रांत चार थर एकमेकांत मिसळलेले आहेत : त्याने स्वतः काढलेल्या प्रती, हेरिंग व नंतरच्या पेढ्यांनी काढलेल्या त्या काळच्याच प्रती, विसाव्या शतकातील पुस्तकांतून कापलेली पाने, आणि आजच्या छपाईयंत्रावर जुनाट दिसावीत म्हणून तयार केलेली चित्रे. पहिल्या दोहोंमधील फरक जाणकारालाही सहजी सांगता येत नाही. नकलेत, मूळ चित्राचेच पुन्हा छायाचित्र घेतलेले असल्याने, बारीक तपशील पुसट होतात. शेवटचे दोन थर मात्र थोड्या सवयीने ओळखता येतात.

बेआतोच्या काळातील प्रत अल्ब्युमिन कागदावर असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला हा कागद इतका पातळ असतो की सुटा ठेवला तर गुंडाळत जातो. म्हणून तो पुठ्ठ्यावर किंवा अल्बमच्या पानावर चिकटवलेला असतो. रंग तपकिरी किंवा जांभळट, उजळ भाग पिवळसर. काळाने फिकेपणा कडांकडून आत येतो. आधुनिक नकलेत तो सर्वत्र सारखा पसरलेला असतो, कारण तो चहाच्या पाण्याने किंवा संगणकाने आणलेला असतो. दहापट भिंगातून पाहिल्यास अल्ब्युमिन प्रतीत छटा सलग दिसतात आणि लेपाखालचे कागदाचे तंतू जाणवतात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील पान. रंगीत सूक्ष्म तुषार दिसले तर आजचे छपाईयंत्र. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली उजळक द्रव्ये आहेत. अशा कागदावर १८५८ची प्रत असणे अशक्य. जुन्या बाजारात वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून पाहता येते. ऑनलाइन विक्रीत ती सोय नसल्याने पाठीमागची बाजू, कडा आणि भिंगाखालचा एखादा कोपरा यांची चित्रे विक्रेत्याकडे मागावीत. ती न देणाऱ्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

कागदापेक्षाही अधिक उपयोगी पडतो तो काळाचा हिशेब. बेआतोच्या वेळच्या काचपट्टीला प्रकाश दाखवण्यास काही सेकंद लागत. धावणारा घोडा, उपसलेली समशेर, तोफेतून निघालेला धूर असे काहीही तीवर स्पष्ट उमटणे शक्य नव्हते. त्यामुळे १८५७मधील चालू लढाईचे म्हणून दाखवलेले प्रत्येक छायाचित्र एक तर चित्रपटातील असते, नाही तर पुढील काळातील संचलनाचे किंवा रंगवलेल्या चित्राचे. महाराष्ट्रात विशेष जिव्हाळ्याचा विषय म्हणजे झाशीची राणी लक्ष्मीबाई व नानासाहेब पेशवे यांची छायाचित्रे. बेआतोच्या नावावर असे एखादे चित्र कोणी दाखविल्यास तारखा तपासाव्यात. झाशीला वेढा पडला आणि शहर पडले ते मार्च-एप्रिल १८५८मध्ये. त्याच सुमारास बेआतो लखनौत होता, आणि राणी जूनमध्ये रणांगणावर पडल्या. नानासाहेबांनी तर कानपूरचा प्रदेश बेआतो भारतात येण्यापूर्वीच सोडला होता. नानासाहेबांच्या प्रतिमेविषयी फोर्ब्स-मिचेलनेच एक हकीगत दिली आहे : लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात नानासाहेब म्हणून छापलेले चित्र वस्तुतः उत्तर हिंदुस्थानातील एका श्रीमंत कंत्राटदाराचे होते. चेहरा हवा होता, जो मिळाला तो छापला गेला. आजचे समाजमाध्यम याहून वेगळे काही करीत नाही.

छायाचित्राबरोबर पदक जोडून विकण्याची प्रथाही दिसते. १८५८मध्ये सुरू केलेले उठावाचे ब्रिटिश पदक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे असून त्याच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. फितीवरील मोहिमांच्या पट्ट्या पाच प्रकारच्या आहेत. ह्यू रोजच्या झाशी-काल्पी-ग्वाल्हेर मोहिमेसाठी मध्य भारत ही पट्टी होती. मूळ नाव घासून दुसरे कोरले की कड पातळ होते आणि व्यास कमी भरतो, म्हणून जाणकार प्रथम मोजपट्टी काढतात. नाव व पट्टी पदकांच्या नोंदवह्यांशी ताडून पाहता येतात. त्या नोंदवह्या ब्रिटनमधील सरकारी अभिलेखागारांत आहेत. शेजारी ठेवलेले बेआतोचे चित्र हा त्या पदकाचा पुरावा नव्हे. ते चित्र त्या काळीही मोल देणाऱ्या कोणालाही मिळत होते.

संग्रह

बेआतोच्या मूळ प्रती अमेरिकेतील गेटी संग्रहालय, लंडनमधील ब्रिटिश ग्रंथालय व इतर अनेक संस्थांत आहेत. गेटी संग्रहालयाने २०१०मध्ये त्याच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरवले. भारतात पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी उभारलेल्या दिल्लीच्या छायाचित्रसंग्रहात त्याची लखनौची चित्रे आहेत. त्यांवर आधारित लखनौविषयीचा ग्रंथ २००६मध्ये रोझी लुएलिन-जोन्स यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. सिकंदर बागेचे उरलेले प्रवेशद्वार आज लखनौतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या परिसरात आहे. बेआतोच्या चित्रातील खांबांची इमारत आता तेथे नाही.